धान निघाला की पार्टी निघते

१९३५ सालची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. दिवाळी होऊन आठवडा झालाय. हलका धान घरात आलाय, भारी धान अजून बांधीत उभा आहे, आणि साकोलीकडच्या एका गावात तुम्ही काखेत तुणतुणं धरून उभे आहात. ते तुमच्याकडे कसं आलं, हे विचारत बसू नका. या प्रवासात दरवेळी एक वाद्य तुमच्या हाती येणार आहे. ते वाजवायचं, बाकीचं गाव पाहून घेईल.

जिल्हा भंडारा, प्रांत मध्यप्रांत-वऱ्हाड. गोंदियाही अजून याच जिल्ह्यात आहे. दुपारी गोवाऱ्यांनी मोरपिसांची ढाल नाचवत आणली. बायकांनी शिंगाडे घेतले, पोरांनी ऊस. सोयरेधायरे आलेत, एका झाडाखाली दोन म्हातारे कुणाच्या तरी लग्नाचं जुळवत बसलेत. अंधार पडला तसं सगळं गाव मोकळ्या जागेकडे सरकलं, आणि आता मशालीच्या उजेडात सगळे तुमच्याकडे पाहताहेत.

"नवा दिसते गा तू," ढोलकीवाला म्हणतो. "काही नाही. तार सोडू नोको, बस."

खडी गंमत आहे. पार्टीतल्या कुणालाही बसायचं नाही, रात्रभर उभ्यानंच गायचं. पुढे डफ घेतलेला शाहीर, त्याच्या बगलेत ढोलकी, मागे झील धरणारे दोघे, त्यांच्या शेजारी तुम्ही. लुगडं नेसलेला नाच्या पदर सारखा करतोय. त्यानं मिशी सकाळीच काढलीय, वरचा ओठ अजून पांढरट दिसतो. समोर, दहा पावलांवर, दुसरी पार्टी. ती तुऱ्याची, तुमची कलगीची. म्हणजे तुम्ही शक्तीच्या बाजूचे, ते शिवाच्या. शक्ती मोठी की शिव मोठा, हा वाद आज संपायचा नाही. तो संपू नये म्हणूनच गावानं दोन्ही पार्ट्या बोलावल्यात.

तुऱ्याचा शाहीर पुराणातलं एक कोडं घालतो आणि छाती काढून मागे सरतो. लोक तुमच्या शाहिराकडे बघतात. त्याला उत्तर येत नाही. हे लोकांना कळलेलं नाही, ढोलकीवाल्याला कळलंय. तो एक तोडा सुरू करतो, तो संपवत नाही, त्यातूनच दुसरा काढतो. नाच्या गिरकी घेतो, सोंगाड्या मध्येच येऊन त्याच्या पदराला हात घालतो, हशा पिकतो. एवढा वेळ तुम्ही लाकडी काडीनं एकच तार छेडत आहात. तुणतुण्यात चाल नसते, राग नसतो; एक सूर असतो, आणि डोकं दुसरीकडे गुंतलेल्या शाहिराला परतायला तोच एक खुंटा असतो. मग शाहीर डफावर थाप मारतो. उत्तर सापडलंय. पूर्ण बरोबर आहे की नाही, देव जाणे, पण चालीत चपखल बसतं. झीलकरी ओळ उचलतात आणि कलगीवाले आरडाओरडा करतात.

पहाटे बिदागी मालगुजाराच्या वाड्यावर मिळते. शाहिराला जास्त, ढोलकीला त्याखालोखाल, तुणतुण्याला सगळ्यात कमी. बँड कुठलाही असो, हिशेब हाच.

१९५४. आता हातात डफ आहे आणि गाणी वेगळी आहेत. भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक लागली आहे आणि उमेदवार आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते हरले, हे तुम्हाला आधीच माहीत आहे; गर्दीला माहीत नाही, म्हणून तुम्ही गप्प राहता. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात धर्मांतर होईल. त्यानंतर बऱ्याच शाहिरांच्या चोपड्यांतली पाने बदलतील, शिव-शक्तीच्या जागी बुद्ध आणि भीम येतील. चाली मात्र बहुतेक त्याच राहतील. लोकांच्या तोंडात बसलेली चाल कुणी सहसा टाकून देत नाही.

१९६२. पेटी. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, १९५६ मध्ये जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. धानाला मात्र यातलं काही कळलेलं नाही, तो आपल्या वेळेला निघतो. तुमच्यासमोर रंगवलेला पडदा, त्यावर राजवाडा; वर पेट्रोमॅक्स फुसफुसतोय, त्याभोवती किडे. गावातल्याच पोरांनी ऐतिहासिक नाटक बसवलंय. राणीचं काम करणारा पोरगा दिवसा नांगर धरतो, त्यामुळे राणीची चाल जरा दमदार आहे. इथं फार थांबू नका. पुढे जायचंय.

१९८६, पौषातली थंडी. आता तुमच्यापुढे ऑर्गन आहे.

गाव लाखनीच्या बाजूचं. दिवसभर शंकरपट होता. बैलांच्या जोड्या धुरळा उडवत गेल्या, लोकांचे घसे बसले. पटाला आलेली गर्दी रात्री घरी जात नाही, हेच या धंद्याचं सगळं गणित. कापलेल्या धानाच्या बांधीत मंडप उभा आहे. पुढे खुर्च्या, मागे जमीन, कडेला सोडलेल्या बैलगाड्या. बाया घोंगड्या घेऊन आल्यात, पोरं आत्ताच झोपलीत. लावणीला बरोबर उठतील.

नाटक कंपनी वडशाहून आलीय. वडसा गडचिरोली जिल्ह्यात, पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख त्याला आपलंच नाट्यगृह मानतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तिथं कंपन्यांची ऑफिसं उघडतात, बाहेर फलक लागतात. गावचं मंडळ जातं, नाटक ठरवतं, तारीख ठरवतं, पैशाचा सौदा होतो. मग तिकीट गावानं विकायचं. फायदा गावाचा, तोटाही गावाचाच. कंपनी ठरलेला आकडा घेते आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावाला लागते. दिवाळीपासून होळीपर्यंत हे रोज. बायकांची कामं आता बायकाच करतात, त्यातल्या कितीतरी नागपूरहून येतात. नट मात्र बरेचसे इथलेच, ज्यांचा स्वतःचा धान नुकताच घरात पडलाय.

रात्रीचे साडेदहा. तुम्ही रंगमंचाच्या पुढ्यात, खाली बसलात, शेजारी तबला. तुमच्यापासून हातभरावर, लोकांना दिसणार नाही अशा बेतानं प्रॉम्प्टर बसलाय. वही गुडघ्यावर, वर एक छोटा दिवा. वहीचे कोपरे तेलकट झालेत, संवादांच्या कडेला पेन्सिलीनं काही खुणा आहेत, त्या फक्त त्यालाच समजतात. वर खलनायक गर्जतोय. हे नाटक त्यानं आज संध्याकाळपर्यंत पाहिलेलं नव्हतं. काल वेगळं होतं, उद्या वेगळं असेल. प्रॉम्प्टर अर्धं वाक्य पुटपुटतो, खलनायक पूर्ण वाक्य गरजतो, आणि त्या दोहोंमध्ये जो अर्धा सेकंद उरतो, त्यात अभिनय बसवतो. पुण्या-मुंबईच्या नटानं हे एकदा करून दाखवावं.

आणि मग ते होतं. वाऱ्यानं पान उलटतं, प्रॉम्प्टर चाचपडतो, वर नायिका नवऱ्याच्या पायाशी बसलेली, तोंड उघडं, शब्द नाही. तबलेवाला तुमच्याकडे बघतो. तुम्ही भात्यावर जोर देऊन करुण काहीतरी धरता, लांबवता, पुन्हा धरता. नायिका हुंदका देते, दुसरा देते. मागे जमिनीवर बसलेल्या बाया डोळ्यांना पदर लावतात. पान सापडतं. नाटक पुढे जातं. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या ढोलकीवाल्यानं तुम्हाला हेच शिकवलं होतं.

नाटक ग्रेट आहे का? नाही. दारू, जमिनीचा तंटा, छळणारी सासू, मध्येच कुठूनतरी घुसवलेली लावणी. लेखक जिथे कुजबुजायचं तिथे ओरडतो. शहरी समीक्षक याला भडक म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. पण पैसे मोजून आलेला शेतकरी पहाटे पाचपर्यंत जागेवरून हलत नाही, आणि हेच नाटकवाले पुढे शेतकऱ्याच्या मरणावरही लिहितात: नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'आत्महत्या' याच रंगभूमीवरचं. भडकपणाचं मोजमाप करताना हे दुसरं पारडंही ठेवायला हवं.

आता जरा साहेबाच्या मुलखात डोकावू. स्कॉटलंडमधलं ग्लासगो, १९९६. बेल अँड सेबॅस्टियन नावाचा नवा बँड आपला पहिला अल्बम काढतोय, 'टायगरमिल्क'. एका कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून चालणाऱ्या लेबलनं त्याच्या फक्त १,००० तबकड्या काढल्या. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता आपलं आपण लिहिणारे, वाजवणारे, विकणारे, म्हणून जगानं अशांना 'इंडी' म्हटलं, त्यावर पुस्तकं लिहिली. त्या हजार तबकड्या पुढे संग्राहकांनी शोधून शोधून चढ्या भावानं घेतल्या. बँड चांगलाच आहे, वाद नाही. पण तुम्ही नुकतेच लाखनीहून आलाय. स्वतःचा लेखक, स्वतःचा वाद्यवृंद, स्वतःची गावं, स्वतःचं तिकीट, सरकारी अनुदानाची वाट न पाहता दरवर्षीचा दौरा: हे झाडीपट्टीत इतकं सरावाचं होतं की त्याला वेगळं नाव द्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. तबकडी तर एकही नाही. तुमच्या १९३५ च्या शाहिराचं ते उत्तर त्याच रात्री हवेत विरलं. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली, दंडार हा इथला लोकनाट्यप्रकार आणि खडी गंमत कागदावर उतरवली म्हणून निदान सांगाडा तरी हाताशी आहे.

१ मे १९९९. गोंदिया वेगळा जिल्हा झाला. कंपनीच्या गाडीला त्याचा पत्ता नाही, ती दोन्हीकडे जाते. पुढच्याच वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं आणि डफ पुन्हा तुमच्या हाती आला. आता शाहीर शौचालयावर गातोय. हसू नका. मानधन ठरलेलं आहे, आणि म्हाताऱ्या झीलकऱ्याला घरात पैसा हवा आहे. एवढंच की समोरच्या पार्टीला कोडं घालणारं तोंड आता सरकारी घोषणा म्हणतंय, आणि उत्तर द्यायला समोर कुणीच नाही.

२०१४ नंतरच्या हिवाळ्यात तुमच्यापुढे ऑक्टोपॅड आहे आणि गर्दी पातळ. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. बैलांचे हाल होत होते, हे खरं होतं. पट बंद झाला की रात्रीच्या नाटकाचं गणित विस्कटतं, हेही खरं होतं. दिवसा गर्दी नाही तर रात्री कुठून यायची? मग ८ नोव्हेंबर २०१६, ऐन मंडईचे दिवस, आणि तिकिटाला पुढे केलेली पाचशेची नोट रात्रीतून कागद झालेली. मग मार्च २०२०, टाळेबंदी लागली, आणि पुढच्या हंगामाला मार बसला. घरी बसलेला तबलजी रोवणीला गेला. तो आधीही जायचाच. या धंद्यात माणूस पूर्ण बुडत नाही, कारण तो पूर्णपणे त्यावर कधी जगतच नाही. हे त्याचं बळ आहे आणि कंपन्या कलावंतांना कमी पैशात राबवतात त्याचं कारणही.

१६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं महाराष्ट्रातल्या शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि धुरळा पुन्हा उडू लागला. जानेवारी २०२३ मध्ये पद्मश्रीच्या यादीत एक नाव आलं: परशुराम खुणे, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे, झाडीपट्टीचे नट. ५,००० हून जास्त प्रयोग, ८०० भूमिका. हा आकडा शहरातल्या लोकांना अतिशयोक्ती वाटतो. प्रॉम्प्टरशेजारी एक रात्र बसलेल्या तुम्हाला वाटू नये.

आता आजच्या मंडईत उतरा. हातात वाद्य नाही, तुम्ही प्रेक्षक आहात. ढाल येते, शिंगाडे आहेत, ऊस आहे. एका टोकाला नाटकाचा मंडप उभा राहतोय. दुसऱ्या टोकाला 'डान्स हंगामा'चा फलक, भोंगे, रंगीत दिवे. बऱ्याच गावांत हल्ली दंडार आणि खडी गंमतीची रात्र या हंगाम्यानंच खाल्लीय. त्यात ना कोडं, ना उत्तर, ना जिवंत वाद्य, नुसतं लावलेलं गाणं. पोलिसांनी हंगाम्याला परवानगी नाकारून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. गावाच्या मंडळाला दोन्हींतलं एक निवडायचं असतं, आणि मंडळ तिकिटाकडे बघून निवडतं.

म्हणून सांगणं इतकंच. दिवाळी ते होळी या दिवसांत नागपूरपलीकडे कधी जाणं झालं, तर लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनीच्या बाजूला रात्री कुठलं नाटक किंवा खडी गंमत आहे, हे चहाच्या टपरीवर विचारा. घोंगडं न्या, थंडी बांधीतून वर येते. ओळखीनं पास मागू नका, तिकीट काढा. आणि शक्य झालं तर पुढची खुर्ची सोडून वाजवणाऱ्यांच्या बाजूला जागा धरा. खरं नाटक तिथून दिसतं.