शेंगेन नावाचं गाव

चार दिवसांत कोलोन, ट्रिअर, मेट्झ, स्ट्रासबर्ग, आणि परत जर्मनी. एक्सेलमध्ये प्लॅन मांडला, त्यात सरहद्दींसाठी रकानाच नव्हता. 1984 च्या फेब्रुवारीत, कस्टमवाल्यांच्या संपाने वैतागलेल्या ट्रकवाल्यांनी आल्प्समधले रस्ते अडवले होते. जुलैत फ्रान्स आणि (तेव्हाच्या पश्चिम) जर्मनीने तपासणी सैल करायचं ठरवलं. 14 जून 1985 ला पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीतल्या बोटीवर सह्या केल्या. आपल्या व्हिसावरचं शेंगेन ते हेच बरं का! प्रत्यक्ष अंमल मात्र 26 मार्च 1995 पासून. आणि सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी आणली. म्हणून स्ट्रासबर्गहून ऱ्हाईन ओलांडायला एक तास जादा धरलाय. तेवढं तिथलं कॅथीड्रल धावतपळत.