पापनाशम् शिवन्

चित्रपटसंगीताचें नांव काढतांच नाक मुरडणारे रसिक आपल्याकडे कांहीं थोडे नाहींत. असलें संगीत म्हणजे शास्त्रोक्त गायनाला लागलेली उतरती कळा, असें ते मानतात. या मताची परीक्षा पाहण्यास एका तामिळ संगीतकाराचें चरित्र फार उपयोगी पडेल. त्यांचें नांव पापनाशम् शिवन्.

२६ सप्टेंबर १८९० रोजीं तंजावर जिल्ह्यांतील पोलगम् गांवीं त्यांचा जन्म झाला. मूळ नांव रामय्या. वडील लवकर वारले आणि आई मुलांना घेऊन तिरुवनंतपुरास गेली. तेथील संस्कृत पाठशाळेंत रामय्यांनीं व्याकरणाचें अध्ययन केलें. परंतु मन रमलें तें नीलकंठ शिवन् यांच्या भजनांत. पुढें आईही गेली आणि ते गांवोगांवच्या देवळांतून गात हिंडूं लागले. अंगभर भस्म फांसलेल्या या तरुणाला पापनाशम् येथील लोकांनीं शिवाची उपमा दिली, आणि तेंच नांव जन्माचें झालें. १९३० च्या सुमारास ते मद्रासेंत मैलापुरास स्थायिक झाले. मार्गळि महिन्यांत, म्हणजे आपल्या धनुर्मासांत, पहांटे कपालीश्वराच्या देवळाभोंवतीं भजन करीत फिरावयाचें, हा त्यांचा नेम असे.

अशा भक्ताला चित्रपटसृष्टीचें दार उघडलें तें एका मराठी संस्थेनें, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. आपल्या 'प्रभात' कंपनीनें बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखालीं 'सीताकल्याणम्' हा तामिळ बोलपट काढला. १९३४ च्या या बोलपटापासून शिवन् यांची चित्रपटांतील वाटचाल सुरू झाली. त्या काळीं पार्श्वगायन रूढ झालें नव्हतें. नटानेंच गावें लागे. म्हणून गातां गळा हीच नटाची पहिली पात्रता ठरे, आणि रागदारी जाणणाऱ्या रचनाकाराला मोठें मोल येई.

शिवन् स्वतःच शब्द रचीत आणि स्वतःच चाल बांधीत. पुढील कांहीं चित्रपटांत वाद्यमेळाची जुळणी जी. रामनाथन् करीत. १९३८ च्या 'सेवासदनम्'मध्यें एम. एस. सुब्बुलक्ष्मी प्रथमच पडद्यावर आल्या, त्या शिवन् यांचीं पदें गात. १९३९ च्या 'त्यागभूमि'मध्यें तर शिवन् यांनीं स्वतः शंभुशास्त्र्यांची भूमिका केली. राष्ट्रीय विचारांमुळें या चित्रपटावर सरकारनें पुढें बंदी घातली. १९४४ च्या दिवाळींत 'हरिदास' झळकला. त्याची कथा 'भक्तविजया'तील. आईबापांना विसरलेला आणि मग त्यांच्याच सेवेंत देव शोधणारा तो पुत्र पाहून आपल्याला पंढरीच्या पुंडलिकाची आठवण होते. त्यागराज भागवतरांनीं गाइलेल्या त्यांतील पदांनीं असें वेड लावलें कीं, मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहांत या चित्रपटानें ओळीनें तीन दिवाळ्या पाहिल्या.

या यशाचें मर्म काय? कर्नाटक संगीताच्या मैफलींत तेलुगु आणि संस्कृत कृतींचें प्राबल्य होतें. राग ओळखीचा असला तरी सामान्य तामिळ श्रोत्याला शब्द परका वाटे. शिवन् यांनीं तोच राग त्याच्या मातृभाषेंतून त्याच्या कानीं घातला. ज्याला सभागृहाची पायरी चढणें ठाऊक नव्हतें, तो शेतकरी आणि गाडीवान चारुकेशीची चाल गुणगुणूं लागला. आपल्याकडे नाट्यसंगीतानें जें कार्य केलें, तेंच हें कार्य होय.

पुढें लोकांची अभिरुचि पालटली. १९५० नंतर वाद्यमेळ वाढला, चाली हलक्या झाल्या, आणि शिवन् हळूहळू पडद्यापासून दूर झाले. कृतिरचना मात्र सुटली नाहीं. मद्रासच्या संगीत अकादमीनें त्यांना 'संगीत कलानिधि' ही पदवी दिली ती १९७१ सालीं, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षीं. १९७२ सालीं 'पद्मभूषण' मिळालें आणि १ ऑक्टोबर १९७३ रोजीं त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या कृति आजही मैफलींत आदरानें गाइल्या जातात.

संगीत हीन होतें तें पडद्यामुळें नव्हे. रचनाकाराची निष्ठा ढळली म्हणजे होतें. शिवन् यांनीं देवळाभोंवतीं गातांना आणि चित्रपटासाठीं रचतांना दोन निराळे गळे ठेवले नाहींत. पुढच्या वेळीं नाक मुरडण्यापूर्वीं आपण एवढें तरी आठवावें.