मोटारीच्या इंजिनावरील पट्टा व पुली : एक ऐतिहासिक विचार

जुन्या मोटारीतील मूळ इंजिन काढून त्या जागी दुसरे, बहुधा उत्तरकालीन, इंजिन बसविण्याची प्रथा अमेरिकेत दीर्घकाळ रूढ आहे. या कामाविषयी जी चर्चा होते, ती प्रायः अश्वशक्तीची व गियरपेटीची असते. प्रत्यक्षात मात्र काम पुष्कळदा अडते ते इंजिनाच्या दर्शनी भागाशी; पाण्याचा पंप, अल्टरनेटर, सुकाणूचा द्रवपंप व वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर यांना फिरविणाऱ्या पट्ट्याशी. पट्टा व पुली या सुट्या वस्तू नसून एका विशिष्ट काळी घेतलेल्या अनेक निर्णयांची ती साखळी होय. त्यामुळे त्यांची निवड हा मापाचा प्रश्न होण्यापूर्वी कालनिर्णयाचा प्रश्न असतो, हे प्रस्तुत लेखात मुख्यतः शेव्हरोलेच्या आठ-सिलिंडरी इंजिनाच्या आधारे दाखवावयाचे आहे.

प्रारंभीच्या मोटारीत पट्ट्यावर फारसा भार नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीत, अगदी पहिल्या काही गाड्या वगळता, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी वर चढते व थंड झालेले खाली येते, या न्यायाने ते आपोआप खेळत असे. पट्ट्याकडे काम उरे ते केवळ पंख्याचे. हा पट्टा सपाट होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत छताखालच्या शाफ्टावरून मागांना गती देणारे पट्टे याच जातीचे. सपाट पट्टा पुलीवर टिकावा म्हणून पुलीचा मध्यभाग किंचित फुगीर ठेवीत. परंतु पकड हवी तर ताण वाढवावा लागे, आणि ताण वाढविला की बेअरिंगे झिजत.

ही अडचण व्ही-आकाराच्या पट्ट्याने दूर केली. डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबर व सूत यांचा असा पट्टा तयार केला. हा पट्टा खाचेच्या तळावर टेकत नाही. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा रुततो. यूलरच्या सूत्रानुसार पट्ट्याच्या ताणलेल्या व सैल बाजूंतील ताणांचे कमाल गुणोत्तर घर्षणांक व वेढ्याचा कोन या दोहोंवरच अवलंबून असते. घर्षणांक ०.३ व वेढा अर्ध्या वर्तुळाचा धरला, तर सपाट पट्ट्यासाठी हे गुणोत्तर सुमारे २.६ येते, ३६ अंशांच्या खाचेत तेच सुमारे २१ होते. अरुंद पट्ट्याने मोठा भार वाहावा, हे यामुळेच शक्य झाले. पट्टा झिजून खाचेच्या तळाला टेकला की हा लाभ संपतो व पट्टा घसरू लागतो, हेही याच सूत्राचे फलित होय.

सामर्थ्य आले, तसे भारही आले. १९४० च्या पॅकार्ड मोटारीत वातानुकूलन मिळू लागले. मात्र ते बंद करावयाचे तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टाच हाताने उतरवावा लागे. १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये द्रवशक्तीचे सुकाणू आले. १९६० च्या व्हॅलियंटवर डायनामोऐवजी अल्टरनेटर आला. शेव्हरोलेने १९६३ मध्ये तो स्वीकारला. हा बदल पुलीच्या व्यासात उमटलेला दिसतो. डायनामोचे भारी गुंडाळे व कम्यूटेटर फिरत्या भागावर असल्याने त्याला फार वेग सोसत नसे, म्हणून त्याची पुली मोठी. अल्टरनेटरला मोठा वेग सोसतो, म्हणून त्याची लहान. क्रँकशाफ्टची पुली ६ इंच व डायनामोची ४ इंच असता वेग दीडपट होतो. अल्टरनेटरची पुली २.५ इंच असता २.४ पट. डायनामोची पुली अल्टरनेटरवर चढविणाऱ्यास इंजिन मंद चालत असता बॅटरी भरत नाही असे आढळते. दोष यंत्राचा नसून दोन कालखंडांच्या मिश्रणाचा असतो.

शेव्हरोलेचे प्रसिद्ध इंजिन १९५५ च्या मोटारीत अवतरले. त्याचा मूळ पाण्याचा पंप आखूड होता. उपकरणे वाढत गेल्यावर १९६९ मध्ये बहुतेक मोटारींसाठी सुमारे सव्वा इंच अधिक लांबीचा पंप आला, अल्टरनेटर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेला, आणि सिलिंडर-हेडच्या टोकांस उपकरणे बसविण्यासाठी छिद्रे आली. इंजिनाचा ठोकळा बाह्यतः तोच राहिला. पट्ट्याची प्रतले मात्र पुढे सरकली. त्यामुळे आखूड पंपाच्या काळातील क्रँक-पुली लांब पंपासमोर बसविल्यास पट्टा तिरपा धावतो, कडेने फाटतो किंवा खाचेतून उडतो. पाण्याचा पंप थांबला की इंजिन अल्पावधीत तापून निकामी होऊ शकते.

यापुढील पर्व नागमोडी पट्ट्याचे. फोर्डच्या १९७९ च्या मस्टँगवर अनेक बारीक धारांचा एकच पट्टा सर्व उपकरणांतून फिरविण्यात आला. त्याचा ताण स्प्रिंगच्या योजनेने आपोआप राखला जातो. हा पट्टा पाठीनेही पुली फिरवू शकतो. पण पाठीने फिरविलेली पुली उलट दिशेने फिरते. शेव्हरोलेच्या १९८४ च्या कॉर्व्हेटवर पाण्याचा पंप असाच उलटा फिरू लागला. हा पंप जुन्या व्ही-पट्ट्याने चालविला तर बाहेरून सर्व काही सुरळीत दिसते, परंतु पंपाची पाती चुकीच्या दिशेने फिरून पाण्याचा प्रवाह मंदावतो. पुढे १९९७ च्या कॉर्व्हेटपासून नव्या ‘एलएस’ इंजिनाची मालिका सुरू झाली. तीत कॉर्व्हेट, कॅमारो व ट्रक यांची पट्ट्याची प्रतले तीन निरनिराळ्या अंतरांवर आहेत. कॉर्व्हेटच्या मानाने कॅमारोचे सुमारे पाऊण इंच व ट्रकचे सुमारे दीड इंच पुढे. जुन्या मोटारीच्या चौकटीत कोणते प्रतल मावेल, हे येथे प्रथम पाहावे लागते.

या विवेचनावरून कामाचा क्रम निश्चित होतो. प्रथम प्रत्येक भागाचे वर्ष व कूळ ओळखावे. मग अनुक्रमे प्रतल, फिरण्याची दिशा, व्यासांचे गुणोत्तर व वेढ्याचा कोन तपासावा. पट्ट्याची लांबी सर्वांत शेवटी ठरवावी. व्यवहारात बहुतेक जण आरंभ लांबीपासून करतात आणि तेथेच फसतात.

इतिहासाच्या अभ्यासकास यात आणखी एक बोध आहे. इंजिन बदललेली मोटार ही प्रक्षिप्त श्लोक असलेल्या पोथीसारखी असते. प्रक्षेप केल्याने पोथी निरुपयोगी होत नाही. तो नोंदविला नाही, तर मात्र पुढील वाचकाची दिशाभूल होते. यास्तव अशी मोटार जतन करणाऱ्याने मूळ पुल्या व आधारपट्ट्या टाकून देऊ नयेत, आणि कोणता भाग कोणत्या वर्षाचा याची टिपणी मोटारीसोबत ठेवावी. यंत्र चालू राहणे व त्याचा पुरावा शाबूत राहणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. त्या एकत्र नांदवण्यास थोडी कालदृष्टी पुरते.