तोतया दुसऱ्यांदा का चालला?

सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची हकिकत सांगितली की कुणीतरी हमखास विचारतं, "लोक इतके भोळे होते का हो?" मला हा प्रश्न रुचत नाही. त्यात आपण शहाणे आहोत हे आधीच धरून चाललेलं असतं.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर विश्वासराव पडले. भाऊसाहेब गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. नंतर शिर नसलेलं एक धड त्यांचंच म्हणून ओळखलं गेलं, शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने अंत्यसंस्कारही झाले. पण हे सगळं शेकडो कोस दूर. पुण्यात कुणी काही पाहिलं नव्हतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. आणि परत न आलेल्या माणसाची वाट बघणारं ते काही एकच घर नव्हतं.

काही वर्षांनी बुंदेलखंडाकडे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणू लागला. थोरल्या माधवरावांनी त्याला धरून आणवलं, चौकशी केली. तो खोटा ठरला, किल्ल्यांवर कैदेत गेला. प्रकरण मिटायला हवं होतं.

मिटलं नाही. १७७६ साली तो रत्नागिरीस कैदेत होता. रामचंद्र नाईक परांजपे हा तिथला सरकारी अंमलदार, म्हणजे कैदी ज्याच्या ताब्यात तोच. त्यानेच त्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभं केलं! कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्याकडे गेले, हजारोंची फौज जमली.

तो काळ बघा. नारायणरावांच्या खुनाला तीन वर्षं झालेली, पेशवाईच्या गादीवर दोन वर्षांचं मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, कारभार बारभाईंच्या हातात. कारभाऱ्यांवर खार खाऊन असलेल्यांना भाऊ परत यायलाच हवे होते. बाकीच्यांचं काय झालं असेल, हा माझा अंदाज सांगतो. अंमलदार मुजरा करतोय म्हणजे त्याने खात्री केली असणार, असं किल्लेदाराला वाटलं; किल्लेदाराने दरवाजा उघडला म्हणून शिपायाला वाटलं. खात्री कुणीच केली नाही. आणि जुना निकाल? तोच उलटा पुरावा झाला असेल: खोटा असता तर इतकी वर्षं जिवंत कशाला ठेवला असता?

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याची फौज मोडली. समुद्रमार्गे पळताना तो रघुजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी, पुन्हा तोच निकाल. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला.

पार्वतीबाई त्यानंतर जवळजवळ सात वर्षं जगल्या. १७८३ साली त्या गेल्या, त्या सवाष्ण म्हणूनच.