खाराघोडा

खाराघोडा : गुजरात राज्याच्या सुरेंद्रनगर जिल्ह्यातील मीठ, ब्रोमीन व मॅग्नेशियम क्लोराइड यांचे उत्पादनकेंद्र. दसाडा तालुक्यात, तालुक्याचे मुख्य ठिकाण पाटडी याच्या जवळ, कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर ते वसले आहे. अहमदाबादच्या पश्चिमेस अंतर सुमारे १०० किमी. ब्रिटिश अमदानीत ते अहमदाबाद जिल्ह्याच्या विरमगाम तालुक्यात मोडत असे आणि १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात होते. मुंबई इलाख्याच्या मीठ खात्याच्या जुन्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख वारंवार येतो तो यामुळे.

परिसर जुना आहे. जवळच्या झिंझुवाडा येथील सोळंकीकालीन कोट व कोरीव दरवाजे प्रेक्षणीय असून पाटडी हे देसाई घराण्याच्या संस्थानाचे ठिकाण होते. मात्र आजचे खाराघोडा घडले ते मिठावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने येथील आगरे आपल्या ताब्यात चालवली, विरमगामहून लोहमार्गाचा फाटा आणला आणि मोठमोठ्या स्फटिकांचे ‘वडागरा’ मीठ गुजरात, माळवा व मध्य प्रांतात पाठवले. मीठ अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ‘बल्कली मार्केट’ ही लाकडी बाजारपेठ त्या काळाची खूण होय. काठेवाडातील संस्थानांचा माल ब्रिटिश मुलखात येताना याच विरमगामच्या नाक्यावर जकात व झडती होत असे. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींनी हा प्रश्न हाती घेतला आणि १९१७ मध्ये ती जकात उठली.

येथील मीठ समुद्राच्या भरतीचे नव्हे. ठाणे, उरण, पालघरच्या मिठागरांत खाडीचे पाणी उधाणाला आत घेतात, तसे येथे घेता येत नाही. रणाच्या भुईखाली अतिशय खारट पाणी साठलेले आहे, तेच वर काढतात. पूर्वी उथळ विहिरी खणून पाणी उपसत. आता बोअर घेतात आणि पंप लावतात. पावसाळ्यात रण पाण्याखाली असते. ते ओसरले की दिवाळीच्या सुमारास अगरिया (मीठ पिकवणारी) कुटुंबे मुलाबाळांसह रणात मुक्कामाला जातात, वाफे तुडवून कठीण करतात आणि दंताळ्याने मिठाचा थर दररोज हलवत राहतात. मीठ मार्चनंतर निघते. डिझेल पंपाच्या खर्चात हंगामाची बरीच कमाई जाई. शासनाने अनुदानावर दिलेल्या सौरपंपांनी तो भार पुष्कळ हलका केला.

मिठाचे स्फटिक पडून गेल्यावर वाफ्यात जो दाट, कडवट द्रव उरतो त्याला कारखान्यात ‘बिटर्न’ म्हणतात. तो पूर्वी सोडून देत. खाराघोड्याचे औद्योगिक महत्त्व याच टाकाऊ द्रवामुळे वाढले. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे मॅग्नेशियम क्लोराइड बंद झाले आणि मुंबईच्या कापडगिरण्यांची अडचण झाली. ताण्याच्या सुताला खळ देताना ते मिसळले की सूत ओलसर व लवचीक राहते. खाराघोड्याच्या बिटर्नमध्ये ते विपुल होते, म्हणून येथे ‘पायोनियर मॅग्नेशिया वर्क्स’ उभा राहिला. १९३१ च्या अवजड रसायन उद्योग संरक्षण कायद्यात या रसायनाचा समावेश होता. गिरणगावच्या सायझिंग (खळ देण्याच्या) खात्याशी या वाळवंटी गावाचा असा थेट संबंध होता, ही गोष्ट मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात नोंदली जायला हवी.

ब्रोमीनही याच द्रवातून मिळते. फ्रान्समधील माँपेल्ये येथे आंत्वान बालार याने १८२६ मध्ये हे मूलद्रव्य शोधले तेही मिठागराच्या बिटर्नमधूनच. समुद्राच्या पाण्यात ते दर लिटरला जेमतेम ६५ मिलिग्रॅम असते. पाणी आटून मीठ वेगळे झाले की हेच प्रमाण लिटरला सुमारे २ ग्रॅमपर्यंत चढते, कारण ब्रोमाइड मिठाबरोबर फारसे खाली बसत नाही. म्हणजे कारखान्याच्या कामाचा पहिला मोठा भाग ऊन आणि वारा यांनी आणि अगरियांच्या मेहनतीने आधीच उरकलेला असतो.

पुढील कृती अशी : बिटर्न निवळून घेतात, त्यात आम्ल घालतात आणि पुढे सांगितलेल्या मनोऱ्यातून बाहेर पडणाऱ्या गरम द्रवाच्या उष्णतेवर ते तापवतात. मग ते उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून सोडतात. मनोऱ्यात चिनी मातीची कडी भरलेली असतात. त्यांवरून द्रव पाझरत खाली येतो आणि तळाकडून क्लोरीन व वाफ वर चढते. क्लोरीन अधिक क्रियाशील असल्याने ब्रोमाइडमधील ब्रोमिनाला हुसकून त्याची जागा घेतो. एक किलो ब्रोमीन सुटे करायला हिशेबाने सुमारे ४४४ ग्रॅम क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात थोडा जास्त. सुटलेले ब्रोमीन वाफेबरोबर वर निघते. ते थंड केले की दोन थर पडतात : वर ब्रोमीन विरघळलेले पाणी, खाली गडद तांबडे ब्रोमीन. वरचे पाणी पुन्हा मनोऱ्यात जाते. खालचे ऊर्ध्वपातनाने क्लोरीनमुक्त करतात. उरलेला द्रव चुन्याने उदासीन करून मॅग्नेशियम क्लोराइडसाठी वापरता येतो.

वरील वाफेची रीत दाट द्रवाला परवडते. पातळ पाण्यातून हवेच्या झोताने ब्रोमीन उडवून नेण्याची रीत हर्बर्ट डाऊ याने अमेरिकेतील मिशिगनमध्ये, तेथील भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यावर, १८९० च्या आसपास बसवली. आर्कान्सासमध्ये आणि चीनच्या शांडोंगमध्येही भूगर्भातील खारे पाणीच वापरतात. कच्छच्या मोठ्या रणात हाजीपीर येथे खाराघोड्याहून फार मोठा कारखाना आहे.

ब्रोमीन हे सामान्य तापमानाला द्रवरूप असणारे एकमेव अधातू मूलद्रव्य आहे. घनता सुमारे ३.१ असल्याने एक लिटरची बाटली उचलताना तीन लिटर पाण्याचे वजन हाताला जाणवते. ते ५९ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्याआधीच तांबूस, घशाला झोंबणारी वाफ सोडू लागते. रंग, औषधे, आग रोखणारी द्रव्ये आणि तेलविहिरींचे द्रव यांत ते वापरले जाते.

‘हिंदुस्तान सॉल्ट्स’ या १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्र सरकारी कंपनीचे मीठ व ब्रोमीन उत्पादन येथे आहे. खासगी उत्पादकही आहेत.

छोट्या रणातील घुडखर (रानगाढव) अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ४,९५४ चौ. किमी. आहे. घुडखरांची संख्या २०२० मध्ये ६,०८२ व २०२४ मध्ये ७,६७२ भरली. अगरियांचे वाफे याच अभयारण्यात येतात. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवूनही ही जमीन त्यांच्या नावावर नाही, हा येथील जुना अनिर्णित प्रश्न आहे.

ठाणे जिल्ह्याचा या उद्योगाशी संबंध ग्राहक म्हणून आहे. डोंबिवली व शेजारच्या रायगड जिल्ह्यातील तळोजा येथील रंग-औषधांच्या कारखान्यांना लागणारी रसायने गुजरातहून रस्त्याने येतात. ही वाहने मुंब्रा बाह्यवळणावरून शीळफाट्यावर उतरतात. तेथून वाटा तळोजा-पनवेल, महापे आणि कल्याण-डोंबिवलीकडे फुटतात. ब्रोमीन वाहणाऱ्या गाडीच्या फलकावर १७४४ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. शीळफाटा परिसरातील रहिवाशांनी तो ध्यानात ठेवावा. अशी गाडी उलटली वा गळू लागली तर बघायला जवळ जाऊ नये, वारा ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला दूर जावे आणि सखल जागी थांबू नये. ब्रोमीनची वाफ हवेपेक्षा साडेपाच पट जड असते व खोलगटात साचते.