ग्वानीन

डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी' म्हणजे ग्वानीन. नाव भारदस्त, मूळ मात्र विष्ठेत! दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत 'वानू' म्हणजे खत म्हणून वापरायची विष्ठा. स्पॅनिश तोंडी त्याचा 'ग्वानो' झाला. पेरूजवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थरावर थर साचले होते. एकोणिसाव्या शतकात ते खणून, जहाजं भरभरून युरोपातल्या शेतांवर गेले. त्याच खतातून 1840 च्या दशकात उंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ वेगळा काढला. (तारलीच्या अंगावरची चंदेरी चमक याच्याच स्फटिकांची, हे खवय्यांच्या माहितीसाठी.)

बाकी तिघांची नावं त्यामानाने सोवळी. ॲडेनीन ग्रंथीवरून, थायमीन थायमस या ग्रंथीवरून, सायटोसीन पेशीवरून.

ही अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. असे गट 64. त्यांतले 61 मिळून 20 अमिनो आम्लं सांगतात. उरलेले 3 म्हणजे पूर्णविराम. एकाच आम्लाला बहुधा अनेक गट, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तरी पुष्कळदा खपून जातं. नेहमी नाही. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'जीएजी'चं 'जीटीजी' झालं, की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येऊन बसतं. आई-वडील दोघांकडूनही हाच बदल आला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हाच तो सिकलसेल. विदर्भात, नंदुरबारकडे अनेक घरांना तो चांगलाच ठाऊक आहे. तेव्हा सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या.