छायाचित्रापासून घडलेला सुगंध : बायरेडोचे ‘१९९६’

छायाचित्राला वास नसतो. तरीही स्टॉकहोमच्या बायरेडो या सुगंधगृहाने २०१३ साली बाजारात आणलेले ‘१९९६’ हे परफ्यूम एका छायाचित्रावरच बेतलेले आहे. ते छायाचित्र म्हणजे इनेझ फान लामस्वेर्डे आणि विनूद मातादिन या डच दांपत्याचे ‘कर्स्टन, १९९६’. हा सुगंध आधी या दोघांसाठी खासगीरीत्या घडवला गेला होता. विक्रीचा विचार नंतरचा.

हे छायाचित्रकार कोण, हे समजल्याशिवाय या सुगंधाची गंमत कळत नाही.

डागेरोटाइपची कृती १८३९ मध्ये जाहीर झाली, आणि तेव्हापासून छायाचित्र म्हणजे साक्ष, अशी लोकांची धारणा रुजत गेली. समोर होते तेच काचेवर वा कागदावर उतरले. रीटचिंग तेव्हाही चालतच असे. पण विश्वास टिकून होता. १९९०च्या दशकात संगणकाने त्याला जबर तडा दिला, आणि इनेझ-विनूद यांनी हा तडाच आपला विषय केला. १९९३च्या ‘फायनल फँटसी’ या मालिकेत लहान मुलींच्या चेहऱ्यांवर प्रौढ पुरुषांची हसरी तोंडे बसवलेली आहेत. १९९५च्या ‘द फॉरेस्ट’मध्ये पहुडलेल्या पुरुषांना स्त्रियांचे हात आहेत. चित्र निर्दोष, गुळगुळीत. नजर मात्र अस्वस्थ होते.

सुगंधाच्या जगात हीच उलथापालथ सुमारे शंभर वर्षे आधी घडून गेली होती.

‘१९९६’मध्ये ज्युनिपरची फळे, मिरी, व्हायोलेट, ऑरिस, चामडे, अंबर, पॅचुली आणि व्हॅनिला असे घटक सांगितले जातात. यांतील व्हायोलेटची कथा मोठी बोलकी आहे. या इवल्याशा जांभळ्या फुलांचा अर्क अतिशय महाग पडे. ऑरिस म्हणजे आयरिसचा वाळवलेला कंद. तो वर्षानुवर्षे मुरला की त्याला व्हायोलेटसारखा वास येतो. जर्मन रसायनज्ञ फर्डिनांड टीमान यांनी फुलांऐवजी या कंदाचाच अभ्यास केला आणि १८९३ मध्ये, सहकारी क्र्यूगर यांच्यासह, ‘आयोनोन’ प्रसिद्ध केले. आपल्या गवती चहाच्या तेलात मुबलक असलेले सिट्रल आणि ॲसिटोन यांच्यापासून ते तयार होते. फुलाचा स्पर्शही नाही, आणि कुपी उघडताच व्हायोलेट! कृत्रिम व्हॅनिलिनही टीमान आणि हारमान यांनी १८७४ मध्येच घडवले होते. म्हणजे सुगंधकार फुलाची साक्ष देत नाही, फूल रचतो. माझ्या मते ‘१९९६’ची जन्मदात्री म्हणून यापेक्षा योग्य छायाचित्रकार जोडी सापडली नसती.

‘अंबर’ हेही तसेच रचलेले. ते अश्मीभूत राळेचा तुकडा नव्हे, की व्हेलपासून मिळणारा अंबरही नव्हे. लॅब्डॅनमची राळ, व्हॅनिला आणि तत्सम द्रव्यांच्या मेळातून सुगंधकारांनी कल्पिलेला तो एक गंध आहे.

बायरेडोची स्थापना २००६ साली बेन गोरहॅम यांनी केली. ते बास्केटबॉल खेळत, पुढे कलाशाळेत शिकले; सुगंधनिर्मितीचे शिक्षण त्यांचे नाही. बायरेडोत असताना गंधाची कल्पना ते मांडत आणि प्रत्यक्ष सूत्र जेरोम एपिनेत किंवा ओलिव्हिया जाकोबेती यांसारखे व्यावसायिक सुगंधकार रचत.

गोरहॅम यांची आई मुंबईची, चेंबूरची. त्यांच्या आरंभीच्या सुगंधांपैकी एकाचे नावच ‘एन्साँ शांबूर’, म्हणजे चेंबूरचा धूप. त्यात मंदिरांतल्या धुपाची आठवण आहे. आता, चेंबूरच्या रहिवाशाला विचाराल तर तो धुपाआधी माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि खतकारखान्याचा उग्र दर्प सांगेल. या उपनगराला ‘गॅस चेंबर’ असे विनोदाने म्हणतात ते उगाच नाही. सुगंधाच्या कुपीत तो दर्प उतरलेला नाही. आईच्या गावाचे हे चित्रही रीटच केलेलेच आहे.